मशिनीत गेलेला मणी

आता काय सांगू, हा किस्सा खरं तर माझा नाही. म्हणजे घोटाळा माझा, पण सांगायचा मान हिचा. चाळीत कुणाकडे चहाला बसलो की ही सुरू करायची आणि मी बशीत बघत राहायचो. ही गेली. आता मलाच सांगावा लागतो, आणि मला तिच्यासारखा रंगवता येत नाही. सांभाळून घ्या.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आज संप, उद्या बंद, परवा संचारबंदी. मी लालबागला एका गिरणीत बदली कामगार. ताण्याचा एकेक धागा सुईच्या नाकाएवढ्या भोकातून ओढून घ्यायचा, एवढंच माझं शिक्षण. गिरणीत काम मिळेना, तेव्हा चाळीतल्या तळमजल्यावरचा जनू म्हणाला, “आमच्याकडे मणी ओवूक माणूस होयो. तुका जमतला.”

जनू कुलाब्याला कामाला होता. तिथं मच्छीमार वस्तीजवळच्या बराकीत काही शिकलेली माणसं हिशेब करणारं मशीन बांधत होती. सुक्या बोंबलाच्या वासात. त्या मशिनीची स्मरणशक्ती म्हणजे बारीक काळे मणी, चौकटीत तारांवर ओवलेले. तिथल्या मुख्य वैद्य साहेबांनी मला समजावलं. एक मणी एकच गोष्ट लक्षात ठेवतो, हो किंवा नाही. मण्यांत लिहायला एक जुनी पेटी होती, लढाईतल्या वायरलेसची, जनूनं चोरबाजारातून शोधून आणलेली. तिचे खटके वर-खाली केले की तारेतून वीज जायची आणि मणी ते धरून ठेवायचा.

“वीज बंद केली तरी?” मी विचारलं.

“तरी. तुमच्यापेक्षा बरा आहे तो.” आदल्या दिवशी मी जेवणाचा डबा बराकीतच विसरलो होतो.

एका सकाळी हिचं मंगळसूत्र वाढलं. तुटलं म्हणायचं नाही. हिचा चेहरा उतरला.

“दिवस कसले आहेत, आणि हे आजच व्हायचं.” तिनं दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं, मणी कागदाच्या पुडीत गोळा करून माझ्या खिशात ठेवले. “पटवेकऱ्याकडनं ओवून घेतल्याशिवाय घरी येऊ नका.” मग जिन्यापर्यंत आली. “नाही, या. नाही ओवले तरी या.”

बराकीत मी चौकटीवर वाकलो आणि खिशातून पुडी निसटून उलटली. हिचे मणी थेट मशिनीच्या मण्यांच्या थाळीत. आता काळ्यातून काळं निवडायचं कसं? हिचे काचेचे, चकाकणारे. ते सुईनं एकेक उचलत होतो. तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, परळला गोळी चालली. परळ म्हणजे आमच्या दारातच. ही घरी एकटी. उरलेले अंदाजानं उचलले.

संध्याकाळी ट्राम बंद. गिरगावात एका पटवेकऱ्यानं अर्ध्या लावलेल्या फळ्यांआड बसून मणी ओवून दिले. गल्लीबोळांतून चालत घरी आलो. ही गॅलरीत कठडा धरून उभी. मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि मग रडली.

पुढे चौकट तयार झाली. साहेबांनी पेटीवरून लिहिलं, वाचून बघितलं. सगळे मणी हुशार. एक सोडून. त्याला काहीही शिकवा, पाटी कोरी. साहेबांनी तारा तपासल्या. पेटी उघडून बघितली. शेवटी जनूवर आले.

“तुझी पेटीच भंगार आहे. उद्यापासून येऊ नकोस.”

जनूच्या घरी म्हातारी आजारी, पोरं लहान. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मेलंय रे मी आता.”

मी भिंग घेऊन त्या मण्याकडे बघितलं. मणी माझ्याकडे बघून चकाकला.

“साहेब, पेटीचा दोष नाही. हा मणी काचेचा आहे.”

“इथं काच कुठून आली?”

“मंगळसूत्रातली.”

बराकीत सगळ्यांचे हात थांबले.

“कुणाच्या?”

“घरच्यांच्या.”

“मग आमचा मणी?”

मी माझ्याच गळ्याकडे बोट केलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मणी परदेशातून आलेले, त्यांचा जाब साहेबांना द्यायचा होता. “तो घेऊन या, नाहीतर दोघंही येऊ नका,” म्हणाले, आणि ओळखायला एक चुंबक दिलं, मशिनीचा मणी त्याला चिकटतो.

घरी हिनं मला हात लावू दिला नाही. मंगळसूत्र गळ्यातच ठेवून स्वतः चुंबक फिरवलं. एक मणी टपकन चिकटला. हिनं तो मुठीत धरला.

“हा मिळायचा नाही.”

“अगं, काम जाईल. माझं आणि जनूचं पण.”

“गोळी चालली त्या दिवशी ह्यानंच तुम्हाला घरी आणलं.”

“मी घरी आलो, मग तू घातलंस.”

“आणि त्यानंतर रोज येताय ना?”

मी चुंबक कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हिशेबाची वही ओढली आणि एक मणी कमी केला. मग म्हणाले, “ओवताना फुटला म्हणून सांगतो. जनू, पेटी लाव.” मी ती आख्खी तार काढून पुन्हा ओवली.

पुढं जन्मभर ही सगळ्यांना सांगायची, “माझा मणी मशिनीत गेला, तर मशीन विसरायला लागलं. मशिनीचा मणी माझ्या गळ्यात आला, तेव्हापासून ह्यांची एकही चूक मी विसरले नाही.” खरंच होतं ते. माझा चष्मा, माझी औषधं, माझी बोलणी, सगळं तिच्याकडे असायचं.

परवा दुपारी घरात एकटा होतो. हिची फार आठवण आली. कपाटातलं चुंबक शोधलं, आरशापाशी ठेवलेलं मंगळसूत्र मांडीवर घेतलं आणि एकेका मण्यावरून फिरवलं. एकही मणी हलला नाही. पुन्हा फिरवलं. म्हटलं, संपलं. आता तोही मला विसरला. डोळे पुसत बसलो होतो, एवढ्यात सून कामावरून आली.

“बाबा, ते माझं आहे,” ती माझ्याजवळ बसत म्हणाली. “आईंचं तुमच्या खिशात आहे. पुडीत.”