जळोचीच्या नकाशातला म्हसोबा

आमच्या घरधन्याचं नाव मी घेत न्हाय, गाव त्यांना गेणबा म्हणतं. सत्तरी उलटली तरी आपलं धोतर आपण पिळत्यात. कुणाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत. जळोचीत कुणालाबी इचारा, गेणबा म्हंजी देवमाणूस, असंच सांगतील. ते ऐकलं की मी तितनं उठते.

कारण ह्या देवमाणसानं देव बनवलाय. आमच्या अन् थोरल्या जाऊबाईंच्या रानामधी बांधावर एक दगड हुता, निसता हद्दीचा. थोरले दीर वारले त्या साली ह्यांनी तो उपटला, सात पावलं जाऊबाईंच्या रानात आत नेऊन रोवला अन् वर शेंदूर फासला. शेंदूर लागल्यावर दगडाला कोण हात लावतंय? आठ दिसांत बायका नारळ घेऊन आल्या. झाला म्हसोबा. जाऊबाई, म्हंजी जयवंताबाई, त्या तर दर अवसंला तितं दिवा लावाय लागल्या. चाळीस वरसं झाली त्याला. दगडापाशी लिंब उगवला, देवाचा म्हणून कुणी तोडला न्हाय, आता एकट्याच्या कवेत मावत न्हाय. भवतीनं समदं प्लॉट पडलं, बंगलं झालं, आमच्या दोन पट्ट्या तेवढ्या ऱ्हायल्या.

माझी नात श्रेया बारामतीला कॉलेजात हाय. ती अन् तिची मैत्रीण समिना मोबाईल घेऊन वॉर्डातली जुनी झाडं, विहिरी, देवळं, दर्गे हुडकत हिंडत हुत्या. नकाशा करायचा म्हणं. कुठं काय हाय, किती जुनं हाय, कुणी राखलं. मी म्हणलं, हिंडा बायांनो, उन्हानं काळ्या पडला की कळंल. दोघी हसल्या.

एक दिस दुपारी जेवताना श्रेया म्हणाली, "आबा, आपला म्हसोबा नकाशावर घेतलाय. झाड पण जुनं, देव पण जुना. त्याची गोष्ट सांगा ना."

ह्यांचा घास हातातच ऱ्हायला. "मला काय ठावं," म्हणलं अन् ताटावरनं उठलं. उभ्या जन्मात भरल्या ताटावरनं उठलेलं मी पाह्यलं न्हवतं.

खाई त्याला खवखवे, दुसरं काय? त्या दिसापासनं ह्यांनी रानाची वाट सोडली. दारात गाडी थांबली तरी दचकायचं. मला म्हणलं, "हौसा, वहिनींनी इचारलं तर कुठल्या तोंडानं बोलू?"

"हे आधी सुचलं न्हाय व्हय?" मी खेकसले. पण खरं सांगते, भ्या मलाबी वाटत हुतं. जमिनीचं भ्या न्हवतं. आमचा लेक जाऊबाईंनी वाढवलाय. त्यांना मूलबाळ न्हाय, मी दिसभर रानात, पोरगं त्यांच्याच मांडीवर. तो अजून पगार झाला की आधी त्यांना लुगडं घेतो, मग मला. त्याला हे कळलं तर तो आमचं तोंड बघणार न्हाय. म्हातारपणी लेक तुटला म्हंजी काय उरलं?

दोन दिसांनी श्रेया मोजणीचा जुना नकाशा घेऊन आली. मोबाईल त्याच्यावर धरून म्हणाली, "आजी, गंमत बघ. म्हसोबा बांधावर नाहीच. थोरल्या आजीच्या रानात आत आहे. म्हणजे त्यांनीच बसवला असणार. उद्या त्यांनाच विचारते."

उद्या जाऊ नगस, त्यांचं गुडघं दुखत्यात, असलं काहीबाही मी सांगत बसले. पोरगी कसली ऐकतीय.

सकाळी तिनं जाऊबाईंना लिंबाखाली नेलं. फोटोत सगळी पाहिजेत म्हणून आमाला दोघांनाबी ओढलं. समिनानं मोबाईल धरला अन् श्रेयानं इचारलं, "थोरल्या आजी, हा देव तुम्ही बसवलात ना?"

जाऊबाईंनी दगडावरचा पाला झाडला. मग सावकाश म्हणाल्या, "बसवला न्हाय बाई. सरकवलाय त्यो. त्या साली माझं कपाळ मोकळं झालं हुतं, डोळं न्हवतं गेलं."

समिनानं मोबाईल खाली घेतला. श्रेया म्हणाली, "मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ह्या घराला परकी झाले असते. तुझा बाप मग माझ्या मांडीवर कुणी दिला असता? सात पावलं गेली, जाऊ दे म्हणलं. दिवा लावत हुते त्यो माझ्या धन्याच्या रानाला."

ह्यांनी जाऊबाईंम्होरं हात जोडलं. "चुकलं वहिनी. माझ्याच हातानं झालं."

श्रेया त्यांच्याकडं बघत हुती, अन् ती नजर मला बघवंना. लहानपणापासनं ह्यांच्या खांद्यावर बसलेली पोरगी ती. मी गप ऱ्हायले असते तर सगळं ह्यांच्यावरच गेलं असतं. आजवर मी तेच केलं, आता तुमाला सांगतानाबी तेच करत आले.

"हात ह्यांचा हुता," मी म्हणलं. "हे न्हाय म्हणत हुते. चार दिस मी घरात चूल पेटवली न्हाय, तवा तयार झाले."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाह्यलं. एवढं मात्र त्यांना ठावं न्हवतं.