कुटुंबप्रमुखाचा रकाना

परळच्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जन्म काढून मी निवृत्त झाले, त्याच आठवड्यात लालबागच्या आमच्या दत्तमंदिरातून बोलावणं आलं. चिटणीसकाकांना सभासदांची जुनी वही कॉम्प्युटरवर हवी होती. कागद लावण्यातच तुझं आयुष्य गेलंय, तेव्हा हे तूच कर, असं त्यांचं म्हणणं. मला बरंच वाटलं. घरात करमत नव्हतं.

वही चाळीच्या हिशेबाने लिहिलेली होती. एक खोली, एक ओळ. खोलीचा नंबर, कर्त्या पुरुषाचं नाव, पुढे ‘व कुटुंब’ आणि एक फोन नंबर. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, निम्मी माणसं डोंबिवली-विरारला गेली, तरी वहीत खोल्या तशाच. मी सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि दत्तजयंतीच्या तयारीचा निरोप सगळ्या नंबरांवर पाठवला. पुढचे दोन दिवस फोन घेण्यात गेले. कुणाचे वडील वारले होते, कुणाचा नंबर भलत्याच माणसाकडे गेला होता. एका सुनेने शांतपणे सांगितलं, की सासऱ्यांचा फोन बंद करायला मन होत नाही म्हणून चालू ठेवलाय, पण त्यांच्या नावाने मंदिराचा निरोप आला आणि सासूबाई जेवल्या नाहीत. मी तिची माफी मागितली.

मग ठरवलं, ज्याची नोंद त्यानेच करावी. फोनवर भरायचा फॉर्म बनवला आणि त्याचा क्यूआर कोड छापून मंदिराच्या दाराशी चिकटवला. काकांच्या सांगण्यावरून पहिलाच रकाना होता ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. ज्यांना फोन जमत नाही त्यांच्यासाठी रविवारी आरतीनंतर मी टेबल टाकून बसले.

रांगेत मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढणाऱ्या मावशी होत्या. सत्तरीच्या. दर गुरुवारी भजनाला मागच्या भिंतीशी बसलेल्या मी त्यांना लहानपणापासून पाहत आले होते. नवऱ्याने टाकल्यावर त्या कोकणातून एकट्या आल्या आणि कुणाकुणाच्या पोटमाळ्यावर राहिल्या. खोली नाही, म्हणून वहीत ओळ नाही.

मी पहिला रकाना वाचून दाखवला.

“बाय, माका प्रमुख कोणच नाय,” त्या म्हणाल्या. “हंयसर काय लिवचा?”

शेजारून काकांनी सुचवलं, ज्यांच्याकडे राहता त्यांचं नाव घाला. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. पण मावशींनी मान हलवली, पिशवी उचलली आणि मागच्या माणसाला वाट देऊन निघून गेल्या.

रुग्णालयात आम्ही प्रत्येक रोग्याचा वेगळा केसपेपर काढत असू. बापाच्या कागदावर मुलाचा ताप कुणी लिहीत नसे. इतकी साधी गोष्ट मी इथे विसरले कशी? सोमवारी बसून सगळी मांडणी बदलली. आधी माणूस: त्याचं नाव, त्याचा नंबर. कुटुंब नंतर, जोडायचं असेल तर. शेवटी एक नवा रकाना घातला, ‘मंदिरासाठी काय करायला आवडेल?’

काका नाराज झाले. म्हणाले, तू घरं मोडतेयस. मी त्यांच्यापुढे जुनी वही उघडली आणि त्यांचीच ओळ काढली. म्हटलं, “काका, तीस वर्षं काकू इथला नैवेद्य करतायत. त्यांचं नाव शोधून दाखवा.”

काकांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली. वही मिटून म्हणाले, “ठेव तुझ्या पद्धतीने.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मसाल्याच्या दुकानात गेले. ठसक्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मावशी हसत होत्या. मी एकेक रकाना विचारत गेले. नाव त्यांनी माहेरचं सांगितलं. कुटुंबाचा रकाना आम्ही सोडून दिला. शेवटचा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांचे हात मिरच्यांवरच थांबले.

“माका पखवाज येता,” त्या हळूच म्हणाल्या. “बापाशीन शिकयलेलो.”

इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

“कोणी विचारूकच नाय.”

आमचा पखवाजवाला विरारला राहायला गेल्यापासून मंदिराचा पखवाज खोळीतच होता आणि भजन नुसत्या टाळांवर चाललं होतं. मी फोनवर सांगितलं तेव्हा काका म्हणाले की आवाज घुमायला पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लागते, ती गुरुवारी मळून ठेवायला घरी सांगतो.

त्या गुरुवारी मावशी पहिल्यांदा पुढे बसल्या. सुरुवातीला हात अडखळला. दोनदा ठेका चुकला, तेव्हा टाळकरी त्यांच्यासाठी थांबले. तिसऱ्या अभंगाला मात्र बोटं मोकळी झाली, आणि काकू गाता गाता त्यांच्याकडे वळून बसल्या. भजन संपल्यावर मावशी तळवे चोळत होत्या. दुखतात का, विचारलं तर म्हणाल्या, दुखू देत.

पुढच्या रविवारी टेबलापाशी बायकांची रांग होती. बऱ्याच जणी ‘व कुटुंब’मध्ये आधीपासून होत्याच, तरी त्या आपापले फोन घेऊन आल्या होत्या. सर्वांत पुढे काकू होत्या. चष्मा विसरलेय, म्हणाल्या, तू वाच, पण बटणं दाबणार मीच.