टोप्या पडायच्या आधी

पार्कची दुसरी फेरी अर्ध्यावर आली आणि प्रियदर्शिनीताई पुन्हा थांबल्या. अपर्णाचा जप पुन्हा तुटला. चालता चालता बोटांच्या पेरांवर नाम घ्यायची तिची पुण्यापासूनची सवय. पण ताईंची सोबत लागल्यापासून एकही माळ धड पुरी होत नव्हती. ताईंनी तिला पुढे व्हायला सांगितलं. ती झाली नाही.

ताई मूळच्या नांदेडकडच्या. लहानपणी या शहरात, गौलीगुड्यात आल्या, पुढे कोर्टात टायपिस्ट झाल्या, आता चिक्कडपल्लीत लेकाकडे, अमरदीपकडे. सगळा जन्म बस पकडायला पळण्यात गेला. गुडघे दुखायला लागले तेव्हा कुठे भिंती दिसायला लागल्या, असं त्या हसत सांगत. कोटीच्या बाजारात फुटपाथवरून घेतलेलं भिंग गळ्यात दोरीला बांधलेलं असे. भिंतीला नाक लावून उभ्या असलेल्या ताईंना एकदा माळ्याने विचारलं, "क्या गिरा अम्मा, कान का?" ताईंनी भिंग त्याच्याच हातात दिलं. त्या दिवसापासून त्या भिंतीला तो खराटा लावत नाही.

ती भिंत म्हणजे पंपघराची मागची बाजू. टाकी झिरपते म्हणून तिथे शेवाळ मऊ गादीसारखं वाढलेलं. त्यातून आता केसाएवढे तांबूस देठ वर आले होते, प्रत्येकाच्या टोकाला मोहरीहून बारीक बोंड, बोंडावर टोपी. ती टोपी पडते कधी आणि आत असतं काय, हे बघायचं म्हणून ताई रोज यायच्या. आणि गुरुवारी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत बाहेर पडायचं नाही असं बजावलं होतं. तोवर पाऊस संपून भिंत कोरडी पडणार.

आजवर अपर्णा लांबूनच "छान आहे हो" म्हणायची. आज तिने भिंग मागून घेतलं. एकेका बोंडाखाली पाण्याचा थेंब, थेंबात उजेड. देवघरात बारीक बारीक निरांजनं लावून ठेवावीत तसं.

"देवाची करणी, ताई," ती हळूच म्हणाली.

"देव तुझा बाई. माझी आपली गळकी टाकी." ताई हसल्या. विहारात डोळे मिटून जे मन लागत नाही, ते इथे उघड्या डोळ्यांनी लागतं, असंही म्हणाल्या. आणि आता तर मांडी घालायलाच बंदी.

निघताना ताईंनी तिचा हात धरला.

"अपर्णा, माझ्यासाठी तू थांबत जा इथं थोडी. टोप्या पडल्या की घरी येऊन सांग मला. फोटो नक्को, अमरदीपनं ढीगभर काढून दिलेत. समोर बसून सांग, काय काय दिसलं ते."