चंद्रीचा चौथा सड

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मला कळतं. पण माझे सासरे देवजी यांच्याबद्दल चांगलं काय बोलावं ते आठवत बसले तर दुपार जाईल, आणि घरात कामं पडलीत. म्हणून झालं ते सांगते.

म्हाताऱ्याची अख्खी हयात घणसोलीच्या मिठागरात गेली. पुढं मिठागर बंद झालं, पण डोक्यातलं मीठ काही गेलं नाही. दाढ दुखली, लाव मीठ. माझ्या पोरीला गळू झालं, बांध मीठ. शिवरामचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कंपनीत हात भाजला तर तिथंही हा बाबा मिठाची वाटी घेऊन हजर. बरं झालं तर मिठानं झालं, आणि नाही झालं तर आपण कमी लावलं.

एक्क्याऐंशी साली माझ्या बापानं मला गाय दिली. माझं माहेर बदलापूरकडचं, गाईगुरांचं घर. चंद्री जर्सी संकरित, पहिलटकरीण, अंगानं तांबूस, स्वभावानं गरीब. वाशीच्या नव्या बिल्डिंगांत दूध घालायचं मी ठरवलं होतं. या घरात माझी म्हणावी अशी ती एवढीच होती.

पण गाय दारात आली आणि म्हातारा तिचा मालक झाला. "गो पुतले, तुना काय कलतंय गाईतला?" असं मला, पुतळीला, म्हणून बादली घेऊन स्वतः बसला. जन्मात शेळीसुद्धा न पिळलेला माणूस! अंगठा आत मुडपून सड दोरीसारखा खाली ओढायचा. सड पूर्ण मुठीत धरून दाबायचा असतो, हे आमच्याकडं पोरींना न शिकवता येतं. मी दोनदा सांगितलं, तर म्हणाला, बायांनी मधे बोलू नये.

महिन्याभरात सडांना चिरा पडल्या. चंद्री पाय झाडायला लागली. म्हातारा म्हणाला, नखरे करते. मग बंद मिठागरातल्या कुठल्याशा जुन्या कोंडीतून, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यातून, खारं पाणी डबाभर घेऊन आला आणि दोन्ही वेळेला चारी सड त्यात बुडवायला लागला.

"बाबा, आग होते तिला," मी म्हटलं. "कोमट पाण्यानं धुवा, फडक्यानं कोरडं करा आणि खोबरेल लावा."

"माजे पायाला भेगा परल्या तवा खाऱ्या पान्यानंच बऱ्या झाल्या. गाईचा चामरा काय येगला हाय?"

काय सांगणार? याची टाच म्हणजे चपलेचा तळवा, आणि हा ती सडाला लावून बघतो. खाऱ्यानं कातडी सुकली, चिरा वाढल्या, त्यातून घाण आत गेली. मागचा डावा सड गरम लागायला लागला, त्या बाजूची कास दगडासारखी झाली.

आता, कास बिघडली की पहिल्या धारेतच कळतं. पण आमच्या घरी पहिली धार धरणीमातेला. म्हातारा ती मातीत सोडायचा आणि हात जोडायचा, म्हणजे जे बघायचं तेच मातीत जायचं. एका सकाळी मी पोरीची पाटी धारेखाली धरली. काळ्या पाटीवर दह्याच्या फुटक्या कवड्या पडल्या, लख्ख दिसल्या. मी म्हटलं, दूध नासतंय, डॉक्टर बोलवा. तर म्हातारा माझ्यावरच भडकला, देवाची धार पाटीवर घेतली म्हणून. आणि दूध अडकलंय असं ठरवून त्यानं केरसुणीची काडी तोडली आणि सडात घातली. मी धावले तोवर रक्त आलं होतं.

मग मी कुणाला विचारलं नाही. पोरीला शेजारी ठेवलं आणि चालत कोपरखैरण्याला जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी कास दाबून बघितली. म्हणाले, हा सड गेला. उरलेले तीन वाचतील, पण मीठ बंद. आधी चांगले सड काढायचे, दुखरा शेवटी, हात धुऊन. दूध पूर्ण काढून सडात औषधाची ट्यूब सोडायची, आणि ते दूध कुणाला घालायचं नाही. म्हातारा "व्हय सायेब, व्हय सायेब" करत मान हलवत होता. संध्याकाळी बघते तर पुन्हा डबा घेऊन उभा.

मी डबा हातातून घेतला आणि उकिरड्यावर ओतला. तीन महिने दोन्ही वेळा मीच बसले. चिरा भरल्या, कास मऊ झाली, तिन्ही सडांना स्वच्छ दूध आलं. म्हातारा मात्र ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, गाय मीच काढतो. मी ऐकायचे आणि दूध मापायला घ्यायचे.

पण आत जळत असणार. एक दिवस म्हणाला, तीन सडांची गाय दारात बरी नव्हे, आणि मला न विचारता तिला विकायला तुर्भ्याच्या तबेल्यातला माणूस घेऊन आला. शिवराम खाली बघून बिडी ओढत होता.

तबेलेवाला म्हणाला, "काढून दाखवा."

म्हातारा ऐटीत बसला. त्याचा हात कासेला लागला मात्र, चंद्रीनं असा पाय मारला की बादली एकीकडं आणि हा दुसरीकडं. पुन्हा बसला, पुन्हा तेच.

"दुसरं कोण काढतं का हिला?" तबेलेवाल्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "पुतले, तू बस जरा."

मी बसले असते तर चंद्री डोळे मिटून उभी राहिली असती, आणि तासाभरात तुर्भ्याला गेली असती. मी पदर नीट केला आणि म्हटलं, "मना दूद काराया नाय येत."

म्हातारा बादली उचलून उभा राहिला. मला खोटं पाडायचं तर तीन महिने गाय सून काढते, हे परक्यासमोर कबूल करावं लागलं असतं. त्याला ते जमलं नाही. तबेलेवाला "मारकी आहे" म्हणून निघून गेला.

चंद्रीनं तीन सडांवर आठ वर्षं वाशीला दूध पुरवलं. आणि म्हातारा मरेपर्यंत सांगत राहिला, गिऱ्हाईक दारात आलं होतं, पण सुनेची गाय म्हणून मीच विकली नाही.