दोरीचं दुसरं टोक

रहेमानभाई वाशीमच्या आमच्या टायपिंग क्लासच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी खाली न बघता टाइप करायच्या नादात होते. शेजारच्या पोरीनं कोपर मारलं तेव्हा कुठं मान वर केली. रहेमानभाई शेलूबाजार ते वाशीम जीप चालवतात, शेलूबाजारला आमच्या कापडदुकानासमोरच त्यांचा थांबा आहे. हा माणूस कधी जीपमधून उतरत नाही बरं का, बसल्या जागेवरून हॉर्न वाजवून अख्ख्या गावाला गोळा करतो. आणि आज तेच टोपी हातात घेऊन दारात उभे.

"पोट्टे, चाल घरी."

"काहून? काय झालं?"

"चाल म्हणतो ना माय."

जीपमध्ये मी एकटीच. मालेगाव गेलं, किन्हीराजा गेलं, तरी रहेमानभाई गप्प. मग मीच विचारलं, "मोठीआईले काही झालं का?" कारण मोठेबाबांचं काही होईल हे तर डोक्यातच आलं नाही. मोठेबाबांची काळजी करणं आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. रहेमानभाई समोर बघतच म्हणाले, "नाई माय. शेठजी गेले." आणि मी काय बोलले असेन? मी म्हणाले, "पण त्याइच्यात तं मशीन हाय ना!"

आता महिना होऊन गेला, तरी ते वाक्य कानातून जात नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावासाठी कस्तुरशेठ. मोठीआई त्यांची बायको. त्यांना मूल नव्हतं, आणि आमचं घर दुकानाच्या मागंच, त्यामुळे मी कोणाकडे वाढले हे सांगणं कठीण आहे. सकाळी आईकडे, दुपारी मोठीआईकडे, आणि संध्याकाळी अंथऊ, म्हणजे दिवस मावळायच्या आत करायचं आम्हा जैनांचं जेवण, ते मोठेबाबांच्या ताटात. माणूस जाडजूड, मान आखूड, हसला की पोट आधी हसायचं. आणि झोप! बाप्पा, काय ती झोप! कापड मोजता मोजता लागायची. इंझोरीची एक म्हातारी नेहमी ऐन दुपारीच यायची लुगडं घ्यायला. का, तर म्हणे शेठजी पेंगले की हातभर कापड जास्त देतात. एकदा तर गज कापडावर तसाच आडवा, कात्री हातात, आणि मोठेबाबा बसल्या बसल्या गायब. म्हातारी म्हणाली, "आता फाडा न शेठजी, का इथंच मुक्काम करू मी?" डोळे न उघडता मोठेबाबा म्हणाले, "तुयासाठी मापच काढून राह्यलो न, आजी."

आणि जेवण झाल्यावर गादीवर आडवे झाले की घोरणं सुरू. ते साधं घोरणं नव्हतं. पार जीपच्या थांब्यापर्यंत जायचं. चढत चढत जायचं, जसा ट्रक घाट चढतो, आणि एकदम... बंद. काहीच नाही. पोट हललेलं दिसायचं, पण आवाज नाही, श्वास नाही. थांब्यावरचे लोक बोलणं थांबवून ऐकायचे. मग एकदम घर्रर्र करून हिसका, आणि गाडी पुन्हा चालू. "आली रे, शेठजीची गाडी शुरू झाली!" रहेमानभाई ओरडायचे आणि सगळे हसायचे. मीपण हसायचे. दुकानात आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आमच्याकडे जो घोरतो तो सुखी, असं धरून चालतात. ज्याच्या मनात काही नाही, तो असा झोपतो.

एकटी मोठीआई हसायची नाही.

तिनं एक युक्ती केली होती. कापडाच्या ताग्याला काठाची पट्टी असते ना, ती फाडून बाजूला पडते, तशा पट्ट्या तिनं वेणीसारख्या विणून एक लांब दोरी केली. तिचं एक टोक मोठेबाबांच्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं पडद्याखालून आत, स्वयंपाकघरात, तिच्या मनगटाला. भाकऱ्या थापतानाही कान बाहेर. घोरणं थांबलं की ती दोरी ओढायची. मोठेबाबा हिसका द्यायचे, श्वास घ्यायचे, आणि झोपेतच पाय हलवायचे. जित्ता हाय, असं सांगायचे जणू. मग ती परत पिठात हात घालायची. रात्री खाटेवरही तसंच, दोन खाटा, एक दोरी. मी लहान असताना ती विहिरीवर जाताना दोरी माझ्या हातात देऊन जायची, "गाडी थांबली का ओढजो, बोलत बसू नको." मला तो खेळ वाटायचा. सगळ्यांनाच वाटायचा. बाजारात म्हणायचे, शेठाणीनं शेठजीले खुट्याले बांधून ठेवलं. तिला मी एकदा विचारलं होतं, "तू कवा झोपतं वं?" ती म्हणाली, "झोपतो न. ते जागे असले का."

मग मोठेबाबांना भोवळ यायला लागली. आधी लोकांना वाटलं पेंग असेल. पण एक दिवस ते गज हातात घेऊन उभ्या उभ्या कोसळले, समोरच्या ताग्यांवरच, नशीब म्हणून लागलं नाही. नाडी इतकी हळू चालायची की आमचे वाशीमचे डॉक्टर मनगट धरून बसले ते बसलेच, पुढचा ठोका यायची वाट पाहत. अकोल्याला दाखवलं. अकोल्यानं मुंबईला पाठवलं. तिथं कळलं की हृदयाच्या आत ठोक्याचा जो निरोप वरून खाली जातो तो मधेच अडतोय, आणि पेसमेकर बसवावा लागेल. हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच आला. आईपासून सगळ्यांनी तो आपापल्या परीनं मोडून घेतला आणि शेवटी सगळे नुसतं 'मशीन' म्हणायला लागले.

मुंबईची एक गोष्ट वडिलांनी सांगितली, ती इथं सांगायलाच हवी. बसवायच्या आधी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मोठेबाबांना सगळं विचारलं. भूक कशी, दम लागतो का, झोप कशी. मोठेबाबा म्हणाले, "झोप एक नंबर! साऱ्या बजाराले आयकू येते." डॉक्टर हसले, वडील हसले. मोठीआई बाकड्याच्या टोकाला बसली होती. तिनं वडिलांना हळूच म्हटलं, "त्याइचा श्वास अडकते म्हणा न त्याइले." वडील म्हणाले, "वहिनी, इथं काळजाचं चालू हाय." वडील हे आता सांगतात आणि मधेच उठून अंगणात जातात.

मशीन बसलं. परत आले तेव्हा तर जत्रा! गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत ती पेटी, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी, वरून उंचवटा दिसायचा. मोठेबाबा सदऱ्याची बटणं काढून येईल त्याला दाखवायचे. रहेमानभाई म्हणाले, "शेठजी, नवीन इंजन टाकून आणलं काय?" मोठेबाबा म्हणाले, "बॅटरी, मियाँ, बॅटरी! आता धक्का माराचं काम नाही." आणि खरंच भोवळ गेली. चेहऱ्यावर लाली आली. रोज सकाळी मनगट धरून स्वतःची नाडी मोजायचे आणि जोरात म्हणायचे, "टाइमावर हाय!"

त्या वर्षी पर्युषण संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. आमच्यात त्या दिवशी प्रत्येक जण प्रत्येकाची क्षमा मागतो, लहान मोठ्याची, मोठा लहानाची. मोठेबाबा सगळ्या बाजारात हात जोडून फिरून आले. "उत्तम क्षमा, काही चुकलं असंन तं..." घरी आले आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठीआईपुढं उभे राहिले. तिला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते म्हणाले, "तुयी इतक्या वर्षांची झोप खाल्ली मी. त्याची क्षमा." ती लाजून म्हणाली, "काय बोलता पोराइसमोर." मग त्यांनी वाकून, त्या पोटासकट वाकून, खाटेच्या पायाला गुंडाळलेली दोरी सोडली आणि पडद्याशेजारच्या खिळ्याला टांगून टाकली.

"आता राखणदार आत बसला हाय माया. तू झोप."

"पण ते तुमचं मधेच थांबते..."

"थांबलं का तो मारते न आतून धक्का! त्यासाठीच बसवला त्याले. कायले जागतं?"

सगळ्यांना पटलं. मला तर इतकं पटलं की मी टाळ्याच वाजवल्या! चुकीचं काय वाटणार होतं त्यात? मशीन ठोका चुकू देत नाही, मग माणूस थांबेलच कसा?

मोठीआई झोपायला लागली. आधी अवघडून, दचकून. मग हळूहळू खरंच. डोळ्याखालची काळी वर्तुळं गेली, गाल भरले. मोठेबाबांना त्याचं इतकं कौतुक की मी वाशीमहून सुट्टीत आले तर मला ओढत पडद्याशी नेलं, पडदा बोटभर सरकवला, आणि चटईवर झोपलेल्या मोठीआईकडे बोट दाखवून कुजबुजले, "पाह्य. कशी झोपून राह्यली." कोणी नवीन रेशमी ताग्याकडे बघतं ना, तसे बघत होते.

वैशाखात गेले ते. दुपारीच. इंझोरीच्या दोन बायका खण बघत होत्या, तुम्ही बघा मी जरा पाठ टेकतो असं म्हणून मोठेबाबा गादीवर आडवे झाले. घोरणं सुरू झालं, चढलं, थांबलं. त्या बायका हसून एकमेकींकडे बघत थांबल्या. आता येईल हिसका म्हणून सगळं गाव जसं थांबायचं, तशाच त्या थांबल्या. थांब्यावर रहेमानभाईंनीही मान वळवली. सगळे वाट बघत होते हो... प्रत्येक जण ऐकत होता. पण घाबरलं कोणीच नाही. शेवटी एक बाई म्हणाली, "शेठजी आज लय लांबवून राह्यले." मग तिनं पडद्याजवळ जाऊन हाक मारली. मोठीआई आत झोपली होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मोठीआईनं एवढंच सांगितलं: "मी झोपली होती." रडत नव्हती. कोणी म्हणालं, आयुष्य तेवढंच होतं, तर ती मान हलवायची आणि परत, "मी झोपली होती." मला ते सहन होईना. मी अकोल्याला त्या डॉक्टरांकडे गेले, ज्यांनी मुंबईला पाठवलं होतं. आता त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर आलेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहायचं थांबवलं. ते म्हणाले, मशीन एवढंच बघतं की ठोका पडला की नाही, नाही पडला तर देतं. श्वासाचं त्याला काही कळत नाही. झोपेत गळा मिटतो, हवा आत जात नाही, रक्तातली हवा कमी होत जाते, आणि असं रोज, रात्रभर झालं की कधीतरी हृदय भलतंच धावायला लागतं, वेडंवाकडं. ते धावणं थांबवणं या मशीनच्या हातात नाही. म्हणाले, घोरता घोरता श्वास थांबणं हा आजार आहे हे बाहेरदेशातले डॉक्टरही आता आता कुठं ओळखायला लागलेत. मी विचारलं, "दोरी असती तर वाचले असते?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "सांगता येत नाही. पण त्या बाईंना इतकी वर्षं जे कळत होतं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि आम्हीही विचारलं नाही."

घरी येऊन मोठीआईला काय सांगायचं? अर्धं सांगितलं तर ती म्हणेल, मग मी जागी राहिले असते तर... पूर्ण सांगितलं तरी तेच म्हणेल. रस्ताभर वाक्यं जुळवत आले. शेवटी एवढंच म्हणाले, "मोठीआई, डॉक्टर म्हणे तुयंच बरोबर होतं. श्वासच अडकत होता." तिनं ऐकलं. हातातले गहू सुपात परत सारखे केले. म्हणाली, "त्याइले वाटलं मले झोप देऊन राह्यले." आणि सूप परत उचलत, "देली बी."

टायपिंग क्लास मी सध्या सोडलाय. दुपारी दुकानात बसते. इंझोरीची म्हातारी परवा येऊन गेली, मी कापड नीट मोजून दिलं तर म्हणाली, "शेठजीचा हात नाही तुया." आणि डोळे पुसले.

काल जेवण झाल्यावर गादीवर मीच जरा आडवी झाले. जेठाची दुपार, थांब्यावर कोणी नाही, डोळा कधी लागला कळलंच नाही. जाग आली ती अंगठ्याला हिसका बसला म्हणून. बघते तर ती काठांची दोरी, माझ्या पायाला बांधलेली, पडद्याखालून आत गेलेली.

"मोठीआई?" मी झोपेतच म्हणाले. "काय झालं? मी तं घोरत नाही."

आतून आवाज आला, "त्याच्यानंच तं. काही आयकूच येत नाही. हाय का नाही, समजत नाही."

दोरी ताणलेलीच होती. मी पाय हलवला.

आत परात सरकल्याचा आवाज झाला, आणि दोरी सैल पडली.