बऱ्यापैकी चांगला माणूस

मनोहर गेल्याची बातमी त्याचा पुतण्या घेऊन आला, तेव्हा मी नागपुरात सदर भागातल्या आमच्या ऑफिसात टेबलाला टेकून चार सहकाऱ्यांना माझ्या नव्या नाटकाचा दुसरा अंक करून दाखवत होतो. "काका, मनोहरकाका गेले," एवढंच तो म्हणाला. माणसानं अशा वेळी रडावं, निदान खाली बसावं. माझ्या मनात आलं ते असं... 'म्हणजे आता ते राहूनच गेलं!' लाज वाटण्यासारखंच आहे, पण आलं खरं. वीस वर्षं मी या माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायला थांबलो होतो, आणि तो न बोलता निघून गेला. महिना झाला, तरी माझा राग उतरलेला नाही.

मनोहर धकाते महाल भागातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. आमची घरं एकाच गल्लीत. त्याच्या घरी हातमाग, आमच्या घरी नुसता मागाचा आवाज. इंग्रजीतले सगळे शब्द सोडून हा गडी रमला तो फेअरली, रादर, सम्व्हॉट, क्वाइट असल्या अधल्यामधल्या शब्दांत. वर्गात कुणी विचारलंच, की सर, इतके कशाला लागतात, तर म्हणायचा, "घरी कढी होते ना? ती एक तर आंबट नसते, नाही तर खूप आंबट असते, असं असते का गा? मधात काहीच नसते?" फेअरली म्हणजे बऱ्यापैकी, हे त्याचं लाडकं. सम्व्हॉट म्हणजे जरासं. रादर लावला की समजायचं, गोष्ट हवी त्यापेक्षा थोडी जास्त झाली आहे. क्वाइट तो सणासुदीला काढायचा. आणि व्हेरी? "तो मिठाईवाल्याच्या पाटीवर शोभते," म्हणायचा.

आता असा माणूस मी माझ्या नाटकांचा परीक्षक म्हणून निवडला, ही माझी अक्कल. चौसष्ट-पासष्टच्या सुमाराला आमच्या ऑफिसच्या नाट्यस्पर्धेत मी डॉक्टर झालो होतो. रोग्याच्या छातीला कान लावायला वाकलो आणि वर आलो तो मिशीशिवाय. मिशी रोग्याच्या सदऱ्यावर, आणि रोगी मेलेला असूनही गदागदा हसतोय. परतताना सायकलवर मी मनोहरला विचारलं, "काहून गा, कसं झालं?"

"फेअरली गुड."

"अन् मिशी?"

"ते रादर फनी होतं."

ते मी गिळलं. पण काही वर्षांनी माझ्या बापलेकाच्या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्या रांगेत बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या; मी पडद्याच्या फटीतून स्वतः पाहिलं. मनोहर नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. त्या रात्री तो म्हणाला, "क्वाइट गुड." मी सायकलवरून उतरलोच. "मन्या, लोकं रडून राहिले होते!"

"मीही रडलो."

"मग?"

"थोडासा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक त्याच्या वडलांकडे तक्रार घेऊन गेलो. म्हातारा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होता. सगळं ऐकून हसला. "वसंता, मागावर हाये तोवर कापडाले आमी चांगलं म्हणत नाही. बरं हाये म्हणतो. चांगलं म्हटलं का हात सैल पडते." मी विचारलं, मग चांगलं कधी म्हणता? "उतरवल्यावर. कापून घडी घातली, का मंग म्हणतो." "पण काका, मी काय लुगडं हाये का?" मी ओरडलो. आतून मनोहरच्या हसण्याचा आवाज आला... तेवढा मात्र पूर्ण होता, अधलामधला नाही.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. मी काटोलची संत्री घेऊन गेलो होतो. तब्येत विचारली, तर "सम्व्हॉट बेटर." संत्रं सोलून हातात दिलं, तर "फेअरली स्वीट." माझा तोल गेला. "अरे, मरताना तरी एखाद्या गोष्टीले पुरतं चांगलं म्हण!" बोललो आणि जीभ चावली. मनोहरनं फोड तोंडात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "मी मरून राहिलो का गा?" "नाही... जरासा," मी म्हणालो. तो हसत सुटला, हसता हसता खोकला, आणि म्हणाला, "आत्ता शिकला!"

शाळेत शोकसभा झाली. एकानं त्याला ज्ञानाचा महासागर केलं, दुसऱ्यानं हिमालय. प्रत्येक वाक्यात अत्यंत आणि अद्वितीय. मी चिडून बसलो होतो. हा माझा मन्या नव्हेच. माझी पाळी आली. उभा राहिलो आणि म्हणालो, "मनोहर बऱ्यापैकी चांगला माणूस होता." मुख्याध्यापक खाकरले. सावरायला गेलो, तर तोंडून निघालं, "म्हणजे तसा... ठीकच होता." मग कुणीतरी माझ्या कोपराला धरून मला खाली बसवलं.

बाहेर मनोहरची बायको, सुशीलावहिनी भेटल्या. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आता तर कापड उतरलं ना. आज पुरतं म्हणायचं होतं." सासऱ्यांचा तो दंडक मनोहरच्या घरात राहून त्यांना पाठ होता, मलाच तेवढा ऐनवेळी आठवला नाही.

गेल्या आठवड्यात नव्या नाटकाचा प्रयोग झाला. पडदा उघडण्याआधी मी सवयीनं फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे पाहत, रंगवलेल्या तोंडानं, मी म्हणून टाकलं, "फार चांगला होतास गा." शब्द पुरता होता. पण मन्या, तुझं उतरलं, माझं अजून मागावर आहे. प्रयोगानंतर टाळ्या बऱ्याच झाल्या, लोक आत येऊन फार सुंदर, फार सुंदर म्हणाले. सायकल काढली, महालाकडे निघालो आणि तोंडातून गेलंच, "काहून गा, कसं झालं?"

'बरं आहे' एवढं म्हणायलाही शेजारी कुणी नव्हतं.