आईचं ‘सावकाश’

स्प्रिंगफील्ड लेक्सच्या मैदानावर दादा अमेरिकन फुटबॉल खेळायचा आणि मी कडेला टेबलाशी बसून प्ले-क्लॉक चालवायचे. रेफ्रीने खूण केली की बटण दाबायचं आणि सेकंद उलटे सुरू व्हायचे. ते संपायच्या आत क्वार्टरबॅकने, म्हणजे दादाने, पुढचा प्ले, म्हणजे पुढची चाल, सुरू करायची, नाहीतर पेनल्टी, पाच यार्ड मागे. त्या टेबलाशी बसून खेळाडूंशी बोलायला मनाई होती. मला एरवी ते सोयीचंच वाटायचं.

त्या शनिवारी कोचने दादाला बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर बाहेर बसशील. आई पहिल्यांदाच मॅच बघायला आली होती आणि माझ्या मागेच खुर्ची टाकून बसली होती. दादा हातवारे करून मुलांच्या जागा बदलत होता. सेकंद संपत आले होते.

“अरे, सावकाश! कसली घाई आहे?” आई ओरडली.

जेवताना, जिना उतरताना, गाडी शिकताना आम्ही हे ऐकून थांबत आलो आहोत. एवढ्या इंग्रजी गोंगाटात दादाला नेमकं तेच ऐकू गेलं. त्याने मान वळवली.

“आई, प्लीज!” मी पुटपुटले.

“अगं, घड्याळ तुझ्याच हातात आहे ना? थांबव की जरा.”

शून्य झालं. रेफ्रीचं पेनल्टीचं पिवळं फडकं गवतावर पडलं आणि कोचने दुसऱ्या क्वार्टरबॅकला आत पाठवलं. दादा हेल्मेट काढत बाहेर आला.

“दमलास का रे?” आईने विचारलं.

“हो,” तो म्हणाला.